गावाला नाव कोणी द्यायचे?

मूल जन्मले की बारसे होते. आत्या पाळण्याशी बसते. बाळाच्या कानात हळूच नाव सांगते. मग घुगऱ्या वाटतात. नाव घरच्या माणसाने ठेवायचे, ही आपली रीत आहे.

आता असे समजा. बारसे चालू असताना कोणी परका माणूस दारात आला. त्याच्या खांद्याला बंदूक आहे आणि हातात वही आहे. तो म्हणाला, "आजपासून या बाळाला माझ्या धन्याचं नाव." एवढे बोलून त्याने ते वहीत लिहूनही टाकले. घरच्या माणसांना काय वाटेल?

जगातल्या पुष्कळ गावांचे, शहरांचे, बेटांचे असेच झाले. काही देशांचेसुद्धा झाले. परके लोक आले, राज्य करू लागले आणि त्यांनी आपल्या मनाप्रमाणे नावे लिहिली. पुढे ते देश स्वतंत्र झाले. तेव्हा तेथल्या लोकांनी नावे बदलली. कोठे आपले जुने नाव परत घेतले, कोठे नवे दिले. त्याची हकीकत या पाठात आहे.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "नाव बदलून पोट भरतं का? विहिरीला पाणी लागतं का?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचाही विचार आपण पुढे करू.

१. वही आणि लेखणी

इंग्रज आपल्या देशात आधी व्यापाराला आले. मग राज्य करू लागले. राज्य करायचे तर सारा वसूल करावा लागतो. सारा वसूल करायचा तर कोणते गाव कोठे आहे, ते कागदावर हवे. म्हणून त्यांनी जमिनी मोजल्या आणि नकाशे काढले. गावांची, नद्यांची, डोंगरांची नावे लिहून घेतली.

लोक तोंडाने नाव सांगत. साहेबाला जसे ऐकू येई, तसे ते इंग्रजी अक्षरांत उतरे. त्या अक्षरांत आपले 'ळ' आणि 'ण' नाहीत. 'त' आणि 'ट' यांना एकच अक्षर आहे. त्यातून लोकांना इंग्रजी येत नव्हते. कित्येकांना तर साधी अक्षरओळखही नव्हती. मग "साहेब, इथं चुकलं" असे सांगणार कोण?

एकदा नाव कागदावर आले की ते पक्के होते. नकाशावर तेच येते. टपालाच्या शिक्क्यावर तेच येते. स्टेशनच्या पाटीवर तेच येते.

याचे एक मोठे उदाहरण पाहा. जगातले सर्वांत उंच शिखर हिमालयात आहे. त्याची उंची जवळजवळ ८,८४९ मीटर आहे. तिबेटचे लोक त्याला पूर्वीपासून चोमोलुंग्मा म्हणतात. इंग्रजांच्या मोजणी खात्याने शंभर-दीडशे वर्षांहून अधिक काळापूर्वी त्याची उंची काढली. ते अवघड गणित करण्यात राधानाथ सिकदार या बंगाली गृहस्थांचा मोठा वाटा होता. पण शिखराला नाव दिले ते खात्याच्या एका जुन्या साहेबाचे. त्याचे नाव जॉर्ज एव्हरेस्ट. १८६५ साली ते नाव कायम झाले.

यातली गंमत ऐका. खुद्द एव्हरेस्ट साहेबाला हे पसंत नव्हते. हिंदुस्थानातल्या माणसांना आपले नाव नीट उच्चारता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. तरीही शिखराला त्याचेच नाव लागले. कारण वही आणि लेखणी त्याच्या माणसांच्या हाती होती.

२. बिघडलेली नावे

परक्या राज्यात आपल्या नावांचे दोन प्रकारांनी नुकसान झाले. काही नावे बिघडली आणि काही नावे लादली गेली. आधी बिघडलेली नावे पाहू.

मुंबईचेच घ्या. मुंबादेवी ही कोळी लोकांची देवी. तिच्यावरून मुंबई हे नाव पडले. पुढे १५३४ साली हा मुलूख गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेला. आपले लोक त्यांना फिरंगी म्हणत. १६६१ साली पोर्तुगीजांनी आपल्या राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला मुंबई आंदण देऊन टाकली. त्या राजाने १६६८ साली ती ईस्ट इंडिया कंपनीला भाड्याने दिली. भाडे किती? वर्षाला दहा पौंड! या सगळ्या देवाणघेवाणीत मुंबईच्या कोळ्यांना कोणी एका शब्दाने विचारले नाही.

फिरंगी लोक मुंबईला 'बोंबईं' म्हणत. इंग्रजांनी त्याचे 'बॉम्बे' केले. इंग्रजी कागदोपत्री बॉम्बेच चालले. स्वातंत्र्य १९४७ साली आले. मुंबई महाराष्ट्राची राजधानी १९६० साली झाली. तरी इंग्रजीतले बॉम्बे तसेच होते. शेवटी १९९५ साली सरकारने ठरवले की, इंग्रजीतसुद्धा 'मुंबई'च लिहायचे.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. मराठी माणसाने मुंबईला बॉम्बे कधी म्हटले होते? गिरणीत काम करायला कोकणातून, घाटावरून माणसे गेली. ती 'मम्हईला जातो', 'मुंबईला जातो' असेच म्हणत. त्यांच्या मनीऑर्डरी मुंबईहूनच येत. म्हणजे १९९५ साली लोकांच्या तोंडातले नाव बदलले नाही. कागदावरचे नाव तेवढे सुधारले. लोकांनी आपले नाव तीनशे वर्षे तोंडात जपून ठेवले होते.

आपल्या भागात अशी पुष्कळ नावे होती. पुण्याला इंग्रजीत 'पूना' म्हणत. ते १९७८ साली 'पुणे' झाले. खडकीला 'किर्की' म्हणत. सोलापूरला 'शोलापूर' आणि यवतमाळला 'येवटमाल' लिहीत. उत्तरेत कानपूरचे 'कॉनपोर' केले होते. ते स्वातंत्र्यानंतर लगेच सुधारले.

दक्षिणेत केरळची राजधानी आहे. तिला इंग्रज 'त्रिवेंद्रम' म्हणत. तिचे खरे नाव तिरुवनंतपुरम. हे नाव लांब वाटते, पण फोड केली की सोपे होते. तिरु म्हणजे पवित्र किंवा श्री. अनंत म्हणजे शेष, ज्याच्यावर विष्णू निजतो. पुरम म्हणजे पूर, गाव. श्रीअनंताचे गाव! तेथे शेषशायी पद्मनाभस्वामींचे मोठे देऊळ आहे. 'त्रिवेंद्रम' म्हटले की त्यातला अनंत दिसेनासा होतो. १९९१ साली सरकारने खरे नाव कायम केले.

कलकत्त्याला बंगाली लोक 'कोलकाता' म्हणतात. ते नाव २००१ साली इंग्रजीतही आले. बंगलोरला कन्नड लोक 'बेंगळूरु' म्हणतात. ते २०१४ साली आले. चेन्नईची गोष्ट थोडी निराळी आहे. मद्रासपट्टणम आणि चेन्नपट्टणम अशी दोन्ही नावे त्या जागेला जुन्या काळी होती. इंग्रजांनी पहिले उचलून मद्रास केले. १९९६ साली तमिळ लोकांनी दुसरे पुढे आणले आणि चेन्नई म्हटले.

३. लादलेली नावे

आता दुसरा प्रकार. येथे आपले नाव बिघडवले नाही. ते बाजूला सारले आणि वर आपल्या माणसाचे नाव बसवले.

मुंबईत जेथून आगगाड्या सुटतात, त्या जागेला बोरीबंदर म्हणत. देशातली पहिली उतारूंची गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. पुढे तेथे मोठे देखणे स्टेशन बांधले. ते बांधले आपल्या गवंड्यांनी आणि पाथरवटांनी. पण त्याला नाव दिले इंग्लंडच्या राणीचे, 'व्हिक्टोरिया टर्मिनस'. १९९६ साली त्याला छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव मिळाले. २०१७ साली त्यात 'महाराज' हा शब्द जोडला.

मुंबईच्या रस्त्यांवरही अशीच साहेबांची नावे होती. हॉर्नबी हा मुंबईचा एक इंग्रज गव्हर्नर. त्याच्या नावाचा रस्ता आता दादाभाई नौरोजी रस्ता आहे. इंग्रज आपल्या देशातून किती पैसा विलायतेला नेतात, हे दादाभाईंनी आकडे मांडून दाखवून दिले होते. क्वीन्स रोड म्हणजे राणीचा रस्ता. त्याला आता महर्षी कर्वे यांचे नाव आहे. कर्व्यांनी विधवांसाठी आणि मुलींच्या शिक्षणासाठी सारे आयुष्य दिले. एल्फिन्स्टन हाही गव्हर्नर. त्याच्या नावाचे लोकल गाडीचे स्टेशन २०१८ साली प्रभादेवी झाले. प्रभादेवी हे त्या वस्तीचे जुने नाव. तेथे त्या देवीचे देऊळ आहे.

सगळ्यांत जास्त सलणारी नावे अंदमानात होती. अंदमान बेटे बंगालच्या समुद्रात फार दूर आहेत. १८५७ साली इंग्रजांविरुद्ध जे उठले, त्यांतल्या अनेकांना शिक्षा म्हणून तेथे नेले. त्यालाच आपण काळे पाणी म्हणतो. पुढे तेथे मोठा तुरुंग बांधला. देशासाठी लढणारे लोक तेथे कोलू ओढत. कोलू म्हणजे तेलाचा घाणा. बैलाच्या जागी माणसाला जुंपत. आपल्याकडचे सावरकर दहा वर्षे त्याच तुरुंगात होते.

या अंदमानातल्या एका बेटाचे नाव होते नील आणि दुसऱ्याचे हॅवलॉक. हे दोघे कोण? १८५७ चा उठाव मोडणारे इंग्रज सेनापती. त्यांतल्या नीलने अलाहाबादच्या बाजूला असंख्य लोकांना फासावर दिले. चौकशी नाही, साक्षीपुरावा नाही. झाडाला दोर बांधायचा आणि लटकवायचे. ज्यांच्या भावाबंदांना मारले, त्यांनाच पकडून त्या बेटांवर न्यायचे. आणि बेटाला नाव मारणाऱ्याचे!

३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी अंदमानात तिरंगा फडकवला. या बेटांना 'शहीद' आणि 'स्वराज' म्हणावे, असे त्यांनी सुचवले होते. बरोबर ७५ वर्षांनी, ३० डिसेंबर २०१८ रोजी, नील बेट शहीद द्वीप झाले आणि हॅवलॉक बेट स्वराज द्वीप झाले.

४. आफ्रिकेतही तेच

ही गोष्ट आपल्या एकट्याच्या देशाची नाही. मुंबईहून समुद्राने पश्चिमेकडे गेले की आफ्रिका खंड लागते. तेथेही युरोपातल्या गोऱ्या लोकांनी राज्ये केली.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एक देश आहे. तेथे सोने सापडे. गोरे व्यापारी ते घेऊन जात. म्हणून त्यांनी त्या मुलखाला नाव दिले 'गोल्ड कोस्ट', म्हणजे सोन्याचा किनारा. पाहा बरे, नावात काय आहे? तेथल्या माणसांचे नाव नाही, नदीचे नाही, देवाचे नाही. तेथून काय न्यायचे, तेवढेच आहे! ६ मार्च १९५७ रोजी तो देश स्वतंत्र झाला. त्याच दिवशी त्याने ते नाव टाकले आणि आफ्रिकेतल्या एका जुन्या थोर राज्याचे नाव घेतले. ते नाव घाना.

दक्षिणेकडे आणखी एक देश आहे. सेसिल ऱ्होड्स नावाच्या इंग्रजाने हिऱ्यांच्या खाणींतून अमाप पैसा मिळवला होता. त्याच्या कंपनीने १८९० साली हत्यारबंद माणसे पाठवून तो मुलूख घेतला. मग अख्ख्या देशाला त्या एका माणसाचे नाव पडले, ऱ्होडेशिया. राजधानीला इंग्लंडच्या तेव्हाच्या मुख्य प्रधानाचे नाव दिले, सॉल्सबरी.

त्या शहरात गोऱ्यांची वस्ती वेगळी आणि काळ्यांची वेगळी. काळे लोक शहरात राबायला येत, पण राहायचे बाजूला. त्यांच्या वस्तीचे नाव हरारी. तेथल्या एका जुन्या नाईकाच्या नावावरून ते पडले होते.

त्या देशात फार जुन्या काळचे दगडी कोट आणि वाडे आहेत. चुना न वापरता दगडावर दगड रचून ते बांधले आहेत. "हे काळ्या लोकांनी बांधलंच नाही, त्यांना असलं काय येणार?" असे गोरे सरकार म्हणत राही. पण ते त्यांच्याच वाडवडिलांनी बांधले होते. १८ एप्रिल १९८० रोजी देश स्वतंत्र झाला. लोकांनी त्या दगडी वाड्यांचेच नाव देशाला दिले, झिंबाब्वे. त्या नावाचा अर्थच दगडी घरे असा आहे. दोन वर्षांनी, त्याच तारखेला, राजधानीचेही नाव बदलले. नवे नाव हरारे. ज्या वस्तीत मजूर राहत, तिचे नाव राजधानीला मिळाले.

आपल्या गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. तसेच ते आफ्रिकेत मोझांबिक देशावरही होते. त्या देशाच्या राजधानीला त्यांनी लोरेन्सो मार्किस या आपल्या व्यापाऱ्याचे नाव दिले होते. १९७५ साली तो देश स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी राजधानीचे नाव मापुटो झाले.

५. नाव बदलून काय होते?

आता आपला आधीचा प्रश्न घेऊ. नाव बदलून पोट भरते का?

सरळ उत्तर आहे, भरत नाही. झिंबाब्वेचेच पाहा. नाव आपले आले, झेंडा आपला आला. पण पुढे कारभार बिघडला. २००८ साली तेथे महागाई एवढी वाढली की पोतडीभर नोटा देऊनही बाजार होईना. पाटी बदलली म्हणजे कारभार सुधारतो, असे कोणी सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नका. रस्त्याला थोर माणसाचे नाव दिले आणि रस्त्यात खड्डे ठेवले, तर त्या थोर माणसाचाही मान राहत नाही.

मग नावाला काहीच किंमत नाही का? तसेही नाही. तुमच्याच अनुभवावरून सांगा. कोणी तुम्हाला "ए, इकडे ये" म्हणतो. कोणी तुमचे नाव घेऊन "अमुकराव, या" म्हणतो. दोन्हींत फरक आहे की नाही? पोट दोन्हींनी भरत नाही. पण एकात मान आहे आणि दुसऱ्यात नाही. गावाचे आणि देशाचेही तसेच आहे.

आणखी एक गोष्ट. सगळीच नावे बदललेली नाहीत. मुंबईचे हायकोर्ट इंग्रजीत अजून बॉम्बे हायकोर्टच आहे. गोव्यात वास्को द गामा हे शहर आहे. वास्को द गामा हा १४९८ साली समुद्राने हिंदुस्थानात आलेला पोर्तुगीज दर्यावर्दी. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, तरी ते नाव राहिले. लोकही सहज 'वास्कोला जातो' म्हणतात. महाबळेश्वरला गेलात तर एल्फिन्स्टन पॉइंट, विल्सन पॉइंट अशी नावे अजून दिसतील. काही लोक म्हणतात, "हीही काढा." काही म्हणतात, "राहू द्या. इथं कोण येऊन गेलं ते पुढच्या पोरांना कळेल." दोन्ही बाजूंना काही अर्थ आहे.

लोकांची जीभही आपल्या मर्जीने चालते. सरकारी नाव वाराणसी. ते १९५६ साली कायम झाले. पण आपली म्हातारी माणसे काशीलाच जातात. श्रीलंकेला इंग्रज 'सिलोन' म्हणत. त्या देशाने १९७२ साली श्रीलंका हे नाव घेतले. आपण मात्र रामायणापासून लंकाच म्हणत आलो. मुंबईत अजून कितीतरी लोक 'व्हीटी'चे तिकीट मागतात आणि जुनी माणसे बोरीबंदर म्हणतात. सरकारी हुकमाने पाटी एका दिवसात बदलते. जिभेवरचे नाव बदलायला एक पिढी जाते.

६. आपल्या घरातही पाहू

परक्यांनी न विचारता नावे दिली, म्हणून आपण रागावलो. मग आपणही कोणाला न विचारता नाव देऊ नये. हे बोलायला सोपे आहे, पण पाळायला अवघड आहे.

अंदमानचेच उदाहरण घ्या. इंग्रज तेथे जाण्याच्या फार आधीपासून, हजारो वर्षे, तेथे रानात राहणारे लोक आहेत. त्यांच्या बोलीत त्या जागांना त्यांची स्वतःची नावे होती. त्या लोकांपैकी आता फार थोडे उरले आहेत. इंग्रजांची नावे गेली हे चांगले झाले. पण त्या मूळ लोकांची नावे नकाशावर आली नाहीत. त्यांच्या हाती वही-लेखणी कधीच नव्हती.

आता आपल्या गावाकडे या. आपल्या गावांत वस्त्यांची नावे कशी पडली? एखाद्या वस्तीत कोणत्या जातीचे लोक राहतात, तेच वस्तीचे नाव. ते नाव वस्तीतल्या माणसांनी ठेवले होते का? नाही. ते गावाने ठेवले. पाटीवर तेच, कागदावर तेच. त्या वस्तीतला मुलगा शाळेत, नोकरीत पत्ता सांगायला लागला की समोरच्या माणसाला आधी त्याची जात कळे. माणूस मागाहून कळे.

महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये ठरवले की, वस्त्यांची अशी जातीवरून पडलेली नावे बदलावी. त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावी. परक्यांची नावे आपण पुसली. ही नावे तर आपणच आपल्या माणसांवर लादली होती. ती आधी पुसायला हवीत. आणि नवे नाव कोणते, हे त्या वस्तीतल्या लोकांना विचारून ठरवायला हवे. पाटी नवी लावली आणि तोंडात जुनेच नाव ठेवले, तर त्या पाटीचा काय उपयोग?

७. नाव बदलण्याची रीत

गावाचे नाव कोणालाही मनात आले म्हणून बदलता येत नाही. त्याची रीत ठरलेली आहे.

गावातल्या किंवा शहरातल्या रस्त्याचे, चौकाचे नाव तेथली पंचायत किंवा नगरपालिका ठरवते. पुऱ्या गावाचे किंवा शहराचे नाव बदलायचे असेल, तर राज्य सरकार दिल्लीच्या गृहखात्याकडे कारणे लिहून पाठवते. गृहखाते रेल्वे, टपाल आणि मोजणी खात्याला विचारते. त्यांची हरकत नसेल तर परवानगी मिळते. राज्याचेच नाव बदलायचे तर संसदेत कायदा करावा लागतो. १९६९ साली मद्रास राज्याचे तमिळनाडू झाले, १९७३ साली म्हैसूर राज्याचे कर्नाटक झाले आणि २०११ साली ओरिसाचे ओडिशा झाले.

गृहखात्याने ११ सप्टेंबर १९५३ रोजी सर्व राज्यांना याबाबत सूचना दिल्या होत्या. लोकांच्या अंगवळणी पडलेले नाव सबळ कारण नसताना बदलू नये. ज्या नावामागे इतिहास आहे, ते होईल तोवर राखावे. नवे नाव असे असावे की, जवळपास त्याच नावाचे दुसरे गाव नसावे. नाहीतर एकाचे पत्र दुसऱ्याला जायचे.

आता कामाची गोष्ट. गावाचे नाव बदलले म्हणून जमीन बदलत नाही आणि मालकही बदलत नाही. जुन्या खरेदीखतावर, जुन्या दाखल्यावर जुने नाव असले म्हणून तो कागद रद्द होत नाही. तो नीट जपून ठेवा. नवा अर्ज करताना गावाचे नवे नाव लिहा आणि पुढे 'जुने नाव अमुक' असे लिहा. "नाव बदललंय, आता सगळे कागद नवे करावे लागतील, एवढे पैसे द्या," असे कोणी सांगू लागला तर पैसे देऊ नका. आधी पंचायतीत किंवा तहसील कचेरीत जाऊन विचारा.

पूर्वी नाव सांगणारा एक असे आणि लिहिणारा दुसरा असे. लिहिणारा काय लिहितो, ते सांगणाऱ्याला कळत नसे. म्हणून गावांची नावे बिघडली, माणसांचीही बिघडली. आता तुम्हाला वाचता येते. कोणत्याही कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी आपले नाव आणि गावाचे नाव वाचा. एक काना, एक मात्रा चुकली असेल तरी तेथल्या तेथे सांगा, "हे असं नाही, असं लिहा." आणि ते दुरुस्त होईपर्यंत कागद हातचा सोडू नका.

शब्दांचे अर्थ

सारा – जमिनीवरचा सरकारी कर
आंदण – लग्नात मुलीकडून दिलेली भेट
गव्हर्नर – इंग्रजांच्या काळचा प्रांताचा मुख्य अधिकारी
मुख्य प्रधान – पंतप्रधान
दर्यावर्दी – समुद्रावर जहाज चालवणारा
द्वीप – बेट, चारी बाजूंनी पाणी असलेली जमीन
शहीद – देशासाठी प्राण देणारा, हुतात्मा
लादणे – मनाविरुद्ध गळ्यात मारणे

प्रश्न

१. नावांचे नुकसान कोणत्या दोन प्रकारांनी झाले? प्रत्येकाचे एक उदाहरण द्या.
२. १९९५ साली मुंबईच्या बाबतीत काय बदलले आणि काय बदलले नाही?
३. 'गोल्ड कोस्ट' या नावात काय खटकते?
४. हरारे हे नाव आधी कोणाच्या वस्तीचे होते?
५. गावाचे नाव बदलले तर जुन्या कागदांचे काय करावे?

करून पाहा

तुमच्या गावाचे नाव एस.टी.च्या पाटीवर, सातबाऱ्यावर, रेशनकार्डावर आणि मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर कसे लिहिले आहे, ते वाचा. सगळीकडे एकसारखे आहे का? फरक असेल तर वहीत लिहून ठेवा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, गावाला हे नाव का पडले? ते जे सांगतील, ते पाच ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.